जन्मताना दुखावलेला हात आणि जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा उजवा हात जन्मापासून खांद्यात कमजोर आहे. तिचे बाळंतपण माहेरी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी प्रसूतिगृहात झाले, आणि त्या वेळी झालेल्या इजेबद्दलची तक्रार आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे अंतिम युक्तिवादापर्यंत आली आहे. पीकविमा, बियाणे, वाहने यांच्या तक्रारींना आयोग कसा उपयोगी पडतो याबद्दल आपल्या भागात पुष्कळ बोलले जाते. बाळाच्या नसेच्या इजेसाठी ही सेवा वापरलेल्या कुटुंबाचा अनुभव मात्र मला शोधूनही वाचायला मिळाला नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. निकाल अजून यायचा असल्याने तो कसा असावा याबद्दल मी काही म्हणणार नाही. माझे मत असे झाले आहे की, मराठवाड्यातल्या सामान्य कुटुंबासाठी हे सर्वांत जवळचे आणि सर्वांत स्वस्त दार आहे, आणि प्रसूतिगृहाच्या बंद खोलीत काय घडले ते शपथेवर लेखी सांगायला लावण्याची ताकद त्यात आहे. पण ती ताकद कुटुंबाच्या हाती असलेल्या कागदांपलीकडे फारशी जात नाही, आणि वेळेच्या बाबतीत ही सेवा कायद्याने दिलेल्या शब्दापासून फार मागे आहे.

इजा नेमकी कोणती, हे आधी सांगायला हवे, कारण आयोगापुढे प्रत्येक प्रश्न शेवटी तिथेच येऊन ठेपतो. मानेतल्या पाचव्या ते आठव्या आणि छातीच्या पहिल्या मज्जारज्जू-नसांच्या मुळांपासून एक जाळे तयार होते आणि ते गळ्याच्या हाडामागून, काखेतून हातात उतरते. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. प्रसूतीत मान आणि खांदा यांच्यातले अंतर जोराने ताणले गेले की हे जाळे ताणले जाते, काही वेळा तुटते, आणि फार वाईट प्रसंगी मुळासकट मज्जारज्जूपासून उपटले जाते. वरच्या दोन मुळांना, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या नसेला इजा झाली तर तिला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. बाळाचा खांदा उचलला जात नाही, कोपर वाकत नाही, हात अंगाला चिकटून आत वळलेला राहतो आणि तळवा मागे फिरलेला दिसतो. खालच्या मुळांची इजा, जिच्यात पंजा निकामी होतो, ती क्लुम्पके पाल्सी. ती एकटी क्वचितच आढळते. हजार जन्मांमागे साधारण एक ते दोन बाळांना ही इजा होते, म्हणजे ज्या गावात वर्षाला शे-दीडशे जन्म होतात तिथे एखाद्या दशकात एक-दोन मुले अशी असणारच, तरीही बहुतेक घरांना ती आपल्यापुरतीच आलेली आपत्ती वाटते.

आमच्या घरातही तसेच झाले. ‘शीर दबली आहे, शेक-मालिश केली की हात भरून येईल’ असे विहीणबाई मनापासून सांगत होत्या, आणि त्यांच्या पिढीने पाहिलेल्या बऱ्याच मुलांचे हात खरोखर सुधारले असणार, कारण नस नुसती ताणलेली असेल तर ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरी होते. अडचण एवढीच की, ताणलेली नस आणि तुटलेली नस पहिल्या दिवशी बाहेरून सारखीच दिसते. त्यांच्यातला फरक काळ सांगतो, आणि तो वाचता येणारा माणूस त्या काळात बाळाकडे पाहत असायला हवा. तीन महिन्यांचे होईपर्यंत बाळ कोपर वाकवून हात स्वतःच्या तोंडाकडे नेऊ लागले नाही, तर ते मूल ब्रेकियल प्लेक्ससची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. नसेचे कलम किंवा शेजारच्या नसेचा जोड देण्याची शस्त्रक्रिया करायची झाली तर ती बहुधा तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान करतात, कारण फार उशीर झाला की नसेविना राहिलेला स्नायूच सुकून जातो.

या टप्प्यावर आम्हाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा मोठा आधार झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, २०१३ पासून, अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यात सुरू झाली आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व उपचार तिथे मोफत होतात. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत माझ्या बहिणीला बाळाचा हात हातात घ्यायला शिकवले: खांदा बाहेर कसा फिरवायचा, कोपर सरळ-वाकडे करताना दुसऱ्या हाताने खांद्याचे हाड कसे धरायचे, कपडे घालताना आधी दुखावलेला हात का घालायचा, बाळाला उचलताना काखेत हात का घालायचा नाही. जोरजोरात ओढून केलेली मालिश तात्काळ बंद करायला त्यांनी सांगितले, आणि तेही सासूबाईंचा मान राखून, त्यांनाच समोर बसवून व्यायाम करायला लावून. इतकी समंजस सेवा मी मोठ्या शहरातल्या महागड्या दवाखान्यांतही पाहिलेली नाही. केंद्राची उणीव अशी की नसेची चाचणी आणि शस्त्रक्रियेचे मत यांसाठी मुंबई-पुण्याची वाट धरावीच लागते, आणि तालुक्याहून रोज येणाऱ्या आईला उपचाराचे ठरलेले दिवस एसटीच्या वेळेशी जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. पण केंद्राने प्रत्येक भेटीला तारीख घालून, कोणता स्नायू किती हलतो याची नोंद कार्डावर केली. ते कार्ड पुढे आयोगापुढे आमच्या तक्रारीतला सर्वांत भक्कम कागद ठरले.

आता मूळ प्रश्न. हात लुळा पडला म्हणजे डॉक्टर चुकला, असे होते का? असे होत नाही, आणि हे मी तक्रारदाराच्या बाजूची असूनही ठामपणे लिहीत आहे. बाळाचे डोके बाहेर आल्यावर पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे) अडकणे, याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात. आईला मधुमेह असेल, बाळ वजनदार असेल, आधीच्या बाळंतपणात असेच घडले असेल, कळांचा दुसरा टप्पा फार लांबला असेल किंवा चिमटा-व्हॅक्यूम लावावा लागला असेल, तर त्याची शक्यता वाढते; तरीही अशा प्रसंगांपैकी जवळपास निम्मे चार किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत घडतात आणि ते आधी ओळखता येत नाहीत. खांदा अडकला की हाती मोजकी मिनिटे असतात, कारण बाळाचा श्वास त्या मिनिटांवर असतो. कळांच्या जोरानेही नस ताणली जाऊ शकते, खांदा न अडकताही ही इजा झालेली आहे, आणि सिझेरियननंतरही ती क्वचित आढळते. बाळाचा जीव वाचवताना हात दुखावला असेल, तर त्या डॉक्टरला कायद्याने दोषी धरू नये, आणि आपल्या न्यायालयांची भूमिकाही तीच आहे: २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की त्या व्यवसायातल्या सामान्य कुशल माणसाकडून अपेक्षित असलेली काळजी घेतली गेली की नाही, हीच कसोटी आहे.

म्हणून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गरोदरपणात साखरेची तपासणी झाली होती का? पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी घेतलेल्या रक्तातली साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह धरला जातो, आणि ही तपासणी शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या भेटीत व पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करायला सांगितली आहे. बाळाच्या वजनाचा अंदाज लिहिला होता का? खांदा अडकल्यावर आईचे दोन्ही पाय दुमडून पोटाकडे घट्ट आणले होते का, ओटीपोटावर जघनास्थीच्या वरून योग्य दिशेने दाब दिला होता का, मागचा हात आधी बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला होता का? की कुणीतरी पोटाच्या वरच्या भागावर चढून दाबले आणि दुसऱ्याने डोके एका बाजूला ओढले? खांदा अडकलेला असताना वरून पोट दाबणे निषिद्ध मानले जाते, कारण त्याने खांदा अधिकच घट्ट रुततो. आपल्याकडच्या बाळंतपणाच्या खोल्यांत हे अजूनही घडते, हे कोणतीही अनुभवी बाई सांगेल. डोके बाहेर आल्यापासून पूर्ण बाळ बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला, आणि त्या वेळी तज्ज्ञ डॉक्टर हजर होते का?

आमच्या हाती आलेल्या डिस्चार्ज कार्डावर यांतले काहीही नव्हते. बाळाचे वजन, तारीख, आणि आई-बाळ सुखरूप असल्याचा एक शेरा, इतकेच. बाळाचा हात हलत नाही, हे बहिणीने दुसऱ्या दिवशी सांगितल्याचीही नोंद नव्हती. माझ्या बहिणीने त्या वेळी म्हटलेले वाक्य या सगळ्या वाटचालीत मी विसरले नाही: ‘ताई, मला कुणाला तुरुंगात धाडायचे नाही, त्या खोलीत काय झाले ते मला कुणीतरी सांगावे.’

इथे कायद्याने रुग्णाला दिलेला एक साधा हक्क कामी येतो, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपल्या पाहिजेत आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत प्रती दिल्या पाहिजेत. आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात प्रसूतीच्या नोंदी, कळांचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, संमतीपत्र, नर्सच्या नोंदी आणि नवजात बाळाच्या तपासणीची नोंद असे प्रत्येक कागदाचे नाव लिहिले, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर करूनही पाठवला. प्रती आल्या त्या अपुऱ्या आणि उशिरा. पण पार्टोग्राफ दिला नाही, हेही पुढे उपयोगी पडले, कारण नोंद का नाही याचे उत्तर शेवटी प्रसूतिगृहालाच द्यावे लागले. कुणीही या वाटेने जाणार असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी हा अर्ज करावा, असा माझा आग्रह आहे.

मग कुठे जायचे? पोलिसांत फिर्याद देण्याचा सल्ला आम्हाला गावातल्या अनेकांनी दिला. मी तो नाकारला. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर पातळीचा असावा लागतो, त्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे लागते, आणि त्यातून बाळाच्या उपचाराला एक रुपयाही मिळत नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते, पण भरपाई देण्याचा तिला अधिकार नाही. दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे आणि त्याचा एक मोठा फायदा म्हणजे मूल अल्पवयीन असताना दाव्याच्या मुदतीत मुदत कायद्याच्या कलम ६ ची सवलत मिळते. पण कोर्ट फी, उलटतपासणी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा यांमुळे तिथे टिकणे शेतकरी कुटुंबाला कठीण जाते.

सरकारी रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर मात्र विचार वेगळा करावा लागतो. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, परंतु जिथे सर्वच रुग्णांना सेवा पूर्णपणे मोफत मिळते ते रुग्णालय त्यातून वगळले. काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील तर मोफत उपचार घेतलेलाही ग्राहक ठरतो. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रसूत झालेल्या आईसाठी आयोगाचे दार बहुधा बंद असते. तिला दिवाणी न्यायालयात किंवा, प्रकरण स्पष्ट असेल तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागते. शासन आपल्या डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार असते, हे आपल्याच मातीतल्या एका प्रकरणाने ठरवले आहे. १९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर एका स्त्रीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. खालच्या न्यायालयाने दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती १९९६ मध्ये कायम केली. प्रसूतीपासून अंतिम निकालापर्यंत जवळपास तेहतीस वर्षे. ज्या कुटुंबाने ती तेहतीस वर्षे झुंज दिली त्याच्यामुळे आज मराठवाड्यातली कोणतीही आई सरकारी रुग्णालयालाही उत्तर मागू शकते, आणि हे आपल्या शाळा-महाविद्यालयांतून सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता आयोगाच्या प्रत्यक्ष सेवेबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातल्या दोन बदलांनी ग्रामीण कुटुंबाचे फार भले केले आहे. पहिला असा की तक्रार कोणत्या स्तरावर करायची हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरते. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच चालते, आणि ती पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. बाळंतपणाचे बिल पाच लाखांच्या वर जाणारे रुग्णालय आपल्या भागात सापडणे कठीण, त्यामुळे मोठी भरपाई मागतानाही फी भरावी लागत नाही. दुसरा बदल त्याहून मोलाचा: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या बायकांची बाळंतपणे तिकडच्या दवाखान्यांत होतात. हात दुखावलेले बाळ घेऊन टोळीबरोबर परतलेल्या आईला आता तक्रारीसाठी पुन्हा तिकडे जावे लागत नाही, ती आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागू शकते.

तक्रार आम्ही प्रत्यक्ष जाऊन दाखल केली. ई-जागृती या पोर्टलवरून ती ऑनलाइनही करता येते, पण जुनी, पेनने लिहिलेली केस पेपरची पाने स्कॅन करून, क्रमांक घालून, वाचता येतील अशी चढवणे हे घरच्या मोबाइलवर होणारे काम नाही. कार्यालयातल्या लिपिकांनी अनुक्रमणिका, शपथपत्र आणि प्रत्येक गैरअर्जदारासाठी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासाठी, एक जास्तीचा संच यांतल्या त्रुटी शांतपणे दाखवून दिल्या. बहिणीच्या कडेवरचे मूल रडू लागल्यावर तिला आतल्या खोलीत बसायला जागा दिली. वकिलाशिवायही बाजू मांडता येते, हे त्यांनी स्वतः सांगितले. इतके सौजन्य मी अपेक्षिले नव्हते. अर्जदार म्हणून मूल आणि आई-वडील अशी तिघांचीही नावे आम्ही घातली, कारण १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाबरोबर त्याचे आई-वडीलही ग्राहक असतात आणि दोघांनाही स्वतंत्र भरपाई मिळू शकते, असे ठरवले आहे.

सेवेचा उत्तम भाग पुढे आला. नोटीस मिळाल्यापासून गैरअर्जदाराने तीस दिवसांत लेखी म्हणणे द्यायचे, आणि आयोग फार तर आणखी पंधरा दिवस वाढवू शकतो. या पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये निश्चित केले आहे. त्यामुळे प्रसूतिगृहाचे म्हणणे वेळेत आले. त्यात प्रथमच लिहिलेले होते की खांदा अडकला होता, पाय दुमडून प्रयत्न केला होता, आणि डॉक्टर येण्याआधी बाळाचे डोके बाहेर आले होते. या तीन वाक्यांसाठी माझी बहीण दीड वर्ष थांबली होती. डिस्चार्ज कार्डावर यातले काहीच का नव्हते, हा प्रश्न आता आमच्या युक्तिवादाचा कणा आहे. म्हणणे खरे की नंतर रचलेले, ते आयोग ठरवेल. पण गप्प राहणे आता कुणालाही शक्य नाही, आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही कार्यालयाने आम्हाला मिळवून दिली नसती.

सेवेचा वाईट भाग वेळेचा आहे. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. आमच्याकडे सदस्याची जागा रिकामी असताना नुसत्या तारखाच पडत गेल्या, आणि कडेवरचे मूल आता आयोगाच्या व्हरांड्यात चालत असते. तज्ज्ञांचे मत हा दुसरा अडथळा. आयोगाने कागद एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे पाठवले आणि तिथून आलेल्या मतात ‘ही ज्ञात गुंतागुंत आहे’ यापलीकडे फारसे काही नव्हते. ज्ञात गुंतागुंत असणे आणि ती हाताळताना काळजी घेतलेली असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि समितीने दुसरीला स्पर्शच केला नाही. व्ही. किशन राव प्रकरणात, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ मत सक्तीचे नाही असे म्हटले आहे. पण नसेच्या इजेचा विषय इतका तांत्रिक आहे की चांगल्या प्रसूतितज्ज्ञाच्या सविस्तर मताशिवाय तक्रार लंगडी पडते. आम्ही शेवटी दुसऱ्या शहरातल्या निवृत्त प्राध्यापिकांकडून लेखी मत शपथपत्रावर घेतले. त्यांनी आमच्या बाजूचेही दोन मुद्दे खोडून काढले, आणि म्हणूनच त्यांच्या उरलेल्या मतावर माझा विश्वास बसला.

मुदतीचा प्रश्न मात्र सर्वांत गंभीर आहे, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार या सेवेतल्या माणसांपेक्षा कायद्याच्या रचनेबद्दल आहे. आयोगापुढे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वैद्यक सांगते की नस किती सुधारेल ते कळायला बराच काळ जाऊ द्या. घरचे सांगतात की हात येईल, देवावर भरवसा ठेवा. आणि या दोन्ही थांबण्यांत ती दोन वर्षे निघून जातात. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण तो कारण पटले तरच. म्हणून सुधारणा चालू असली तरी, पहिला वाढदिवस होण्याच्या सुमारास कागद घेऊन कुणा जाणकाराला दाखवावेत. तक्रार करायची की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.

वकिलांबद्दल थोडक्यात. ‘मिळालेल्या भरपाईत अमुक टक्के द्या, कोटी मिळवून देतो’ असे सांगणारा एक मध्यस्थ आमच्याही घरी येऊन गेला. भारतात वकिलाला निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे अशी बोलणी करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अशा प्रकरणात आई आणि मूल दोघेही त्यात बसतात. नेमून मिळालेले वकीलसाहेब वैद्यकीय विषयात नवखे होते, पण त्यांनी केस पेपर ओळीओळीने वाचले आणि समजले नाही तिथे फिजिओथेरपिस्ट मॅडमना फोन करून विचारले. फुकट मिळणारी सेवा कमअस्सल असते, ही समजूत या एका माणसाने तरी आमच्यापुरती खोटी ठरवली.

भरपाईच्या अपेक्षेबद्दल सावध राहावे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मॉन्टगोमेरी प्रकरणात, मधुमेही आईला खांदा अडकण्याचा नऊ-दहा टक्के धोका सांगितला गेला नव्हता म्हणून, ५२.५ लाख पौंडांची भरपाई मान्य केली. त्या बाळाला मेंदूची आणि हाताच्या नसेचीही इजा झाली होती. त्या निकालाचे दाखले देऊन इथे तेवढ्या रकमेचे स्वप्न दाखवणारे लोक भेटतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात, २००८ मध्ये, संमतीसाठी पुरेशी माहिती देणे बंधनकारक मानले, परंतु कसोटी आपल्या परिस्थितीला धरून ठेवली. आपल्याकडे झालेला खर्च, पुढच्या शस्त्रक्रिया, अनेक वर्षांचे व्यायाम, आईची बुडालेली मजुरी आणि मुलाच्या पुढच्या कमाईवर होणारा परिणाम यांचा हिशेब बिलांसह मांडावा लागतो. एसटीची तिकिटेसुद्धा जपून ठेवावीत. हाताचे अपंगत्व टिकून राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांसाठी वेगळा अर्ज करावा. आयोगातल्या तक्रारीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि निकालाची वाट पाहत ते लाभ लांबवू नयेत.

आयोगाच्या निकालाने समाधान झाले नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला असल्याने मुंबई गाठावी लागत नाही. ज्यांना खासगी प्रसूतिगृहात झालेल्या इजेबद्दल उत्तर हवे आहे, ज्यांच्याकडे निदान थोडे कागद आहेत आणि दोन-तीन वर्षे तारखा सांभाळण्याची तयारी आहे, त्यांनी ही सेवा अवश्य वापरावी असे मी सांगेन. मोफत वकिलासाठी १५१०० आणि ग्राहक मार्गदर्शनासाठी १९१५ हे दोन्ही क्रमांक घरबसल्या लागतात. पहिल्या भेटीला जाताना माता व बाल संरक्षण कार्ड, गरोदरपणातल्या सर्व सोनोग्राफी आणि साखरेचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, प्रसूतिगृहाची पावती, नोंदी मागितल्याच्या अर्जाची पोच आणि बाळाच्या हाताचे तारीखवार व्हिडिओ बरोबर न्यावेत. पावती मिळाली नसेल तर पैसे दिल्याचा बँकेचा किंवा मोबाइलवरचा व्यवहारही चालतो.